अभाज्य संख्या संपलेल्या नाहीत

रामबागेतल्या माझ्या शिकवणीला येणारी नववीतली मुलगी परवा वही उघडायच्या आधीच म्हणाली, "सर, अभाज्य संख्या संपल्या म्हणे!" (महाराष्ट्रात 'मूळ संख्या' म्हणतात, आम्हा इंदूरकरांच्या तोंडी शाळेमुळे 'अभाज्य'च.) तिच्या घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज मलाही तीनदा आलाय: '२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ही जगातली शेवटची अभाज्य संख्या सापडली. सूत्र सोपं आहे: २ चा कुठलाही अभाज्य घात घ्या, १ वजा करा. इतकी मोठी संख्या तपासता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी मानून घेतली. बँकांची सुरक्षा हिच्यावरच चालते.'

संख्या खरी आहे. अशा संख्या शोधण्यासाठी जगभरच्या हौशी लोकांच्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या 'गिम्प्स' प्रकल्पात ल्यूक ड्युरंट यांना ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. अंक ४,१०,२४,३२०. एका पानावर १२०० अंक लिहिले, तर दोनशे पानी १७१ वह्या लागतील. बाकी सगळा मेसेज चूक आहे.

आधी सूत्राचं बघू, कारण ते मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. घात २, ३, ५, ७ घेतले की ३, ७, ३१, १२७ मिळतात, सगळ्या अभाज्य. पण ११ घ्या: २०४७, म्हणजे २३ × ८९. ज्याच्या नावानं या संख्या ओळखल्या जातात, तो फ्रेंच गणिती मेर्सेनही इथे फसला. १६४४ च्या त्याच्या यादीत ६७ हा घात होता. १८७६ मध्ये लुकास या फ्रेंच गणितीनं ते खोडलं आणि १९०३ मध्ये कोल या अमेरिकन गणितीनं त्या संख्येचे अवयवच मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. घात अभाज्य असावाच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही.

'मानून घेतली' हे वाचून मात्र फार वाईट वाटलं. तपासायची रीत नववीच्या मुलीला जमते. समजा १२७ तपासायचीय, म्हणजे घात ७. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. तिनं फळ्यावर केलं: १४, ६७, ४२, १११. मग १११ चा वर्ग १२,३२१, त्यातून २ गेले, १२,३१९, म्हणजे बरोबर १२७ × ९७. बाकी शून्य! घातापेक्षा दोन कमी पायऱ्यांनी शून्य आलं की संख्या अभाज्य, नाहीतर नाही. २०४७ ला नवव्या पायरीवर १७३६ उरतात. त्या मोठ्या संख्येसाठी अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या मशीननं केल्या, आणि वेगळ्या मशीनवर वेगळ्या प्रोग्रॅमनं पुन्हा पडताळल्या.

बँकांचं म्हणाल, तर तिथे साधारण तीनशे अंकी, गुप्त ठेवलेल्या अभाज्य संख्या वापरतात. साऱ्या जगाला ठाऊक असलेली संख्या कुलपाला काय कामाची?

आणि 'शेवटची'? युक्लिडनं दोन हजार वर्षांपूर्वीच उत्तर दिलंय. यादीतल्या सगळ्या अभाज्य संख्यांचा गुणाकार करा, १ मिळवा. यादीतल्या कुणीही भागलं तरी १ उरणारच, म्हणजे तिला भागणारी अभाज्य संख्या यादीबाहेरचीच. मुलीनं २ पासून १३ पर्यंतच्या घेतल्या: ३०,०३१. "मग ही अभाज्य?" नाही, ती ५९ × ५०९. पण ५९ आणि ५०९ दोन्ही तिच्या यादीबाहेरच्या निघाल्या.