ते दहा दिवस तुमच्या मांजरासाठी नाहीत

मावशीच्या बोक्याची परसात मुंगसाशी झटापट झाली. मानेवर दोन बारीक दात लागले. तिनं मला फोन केला नाही, गटावर फिरणारा एक संदेश पाठवला आणि खाली लिहिलं, "आज तिसरा दिवस. आणखी सात दिवस बघते."

संदेश असा: पाळीव प्राण्याला रानटी प्राणी चावला तर दहा दिवस लक्ष ठेवा, ठणठणीत राहिला तर रेबीज नाही. मुंगसाला सापाचं विषच चढत नाही, त्याच्यापासून धोका नाही. लस झाली असेल तर काहीच करू नका. फेस आणि पाण्याची भीती नसेल तर निश्चिंत राहा. खारीपासून भय नाही.

दहा दिवसांचा नियम खरा आहे, म्हणूनच हा संदेश इतका घातक आहे. तो नियम आहे माणसाला चावलेल्या कुत्र्या-मांजरासाठी. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर ते दहा दिवसांच्या आत आजारी पडतं किंवा मरतं, म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची. इथे बोका चावलेला नाही, त्याला चावलंय! चावणारं मुंगूस कुंपणापलीकडे गेलं, त्याच्यावर कोण नजर ठेवणार? बोक्याच्या अंगात विषाणू गेला असेल तर तो मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत पोहोचायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. दहाव्या दिवशी तो मजेत दूध पीत असेल आणि त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही.

अमेरिकेतल्या सरकारी पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेची २०१६ ची रेबीज-मार्गदर्शिका हे स्वच्छ सांगते. लस वेळेवर झालेली असली तरी जखम धुऊन ताबडतोब बूस्टर, आणि पुढे ४५ दिवस देखरेख. लस कधीच झाली नसेल तर ४ महिने सक्त विलगीकरण, तेही मालक प्राण्याला दयामरण द्यायला तयार नसेल तरच. देशोदेशी मुदती बदलतात, पण 'दहा दिवस बघा, मग विसरा' असं त्यात कुठेही नाही. लसीचा मुद्दाही इथेच निकालात निघतो.

मुंगसाचं तर ऐकवत नाही. सापाचं विष आणि विषाणू यांचा काय संबंध? १८७२ साली उसातले उंदीर मारायला भारतातून मुंगसं जमैकात नेली, तिथून ती इतर कॅरिबियन बेटांवर पसरली. त्यातल्याच प्वेर्तो रिको बेटावर आज रेबीज टिकून आहे तो मुख्यतः त्याच मुंगसांमध्ये.

पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण, जनावरांत ते शोधत बसू नका. उलट दिवसाढवळ्या अंगणात येणारा, माणसाला न बुजणारा कोल्हा किंवा मुंगूस दिसलं तर आधी सावध व्हा. ते माणसाळलेलं नसतं, आजारी असू शकतं.

खारीबद्दल संदेश जवळपास बरोबर आहे, मान्य. खारी-उंदरांसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज क्वचितच सापडतो. पण त्या एका ओळीच्या भरवशावर बाकीचं गिळायचं?

मावशीला मी फोनवर एवढंच सांगितलं: हातमोजे घाल, कारण बोक्याच्या केसांवर त्या मुंगसाची लाळ लागलेली असू शकते. त्याला आजच दवाखान्यात ने. झटापट सोडवताना तुझ्या हाताला ओरखडा आला का, ते बघ. आला असेल तर साबण-पाण्यानं १५ मिनिटं धू आणि तूही लगेच डॉक्टर गाठ. ती काही क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, "अंगठ्याला आलाय."