सप्टेंबरचे ते गाणे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावर नाही

ग्रीन डे या अमेरिकी पंक रॉक बँडच्या ‘अमेरिकन इडियट’ या अल्बममधील ‘वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स’ हे गाणे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील मृतांसाठी लिहिले गेले, असा मजकूर सप्टेंबर आला की फिरू लागतो. तो खरा नाही. गायक बिली जो आर्मस्ट्राँग १० वर्षांचे असताना, सप्टेंबर १९८२ मध्ये, त्यांच्या वडिलांचे कर्करोगाने निधन झाले आणि गाणे त्या दुःखाचे आहे.

गैरसमज अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सप्टेंबर २००४ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या ऐन तोंडावर आलेला हा अल्बम त्या काळच्या युद्धज्वरावर आणि भीती पसरवणाऱ्या माध्यमांवर उघड तुटून पडतो. शिवाय सॅम्युअल बेयर यांनी दिग्दर्शित केलेल्या या गाण्याच्या चित्रफितीत प्रियकर सैन्यात भरती होऊन इराकच्या युद्धात जातो, आणि चित्रफितीचा हाच अर्थ पुढे शब्दांवर चढवला गेला. अल्बममधील युद्धविरोधी गाणे हवेच असेल तर ते ‘हॉलिडे’ आहे. या बँडला राजकारण अलीकडेच सुचले, असे म्हणणाऱ्यांनीही ते ऐकावे.