4,708 कोटी सांगलीला आलेच नव्हते

आयर्विन पुलापाशी कृष्णा चाळीस फुटांकडे सरकायला लागली की सांगलीत एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच राहतं: 2019 च्या महापुराला सांगली-कोल्हापूरसाठी 4,708 कोटी आले, लोकांच्या हातावर पंधरा हजार टेकवले, बाकीचे महापालिकेने खाल्ले. 2021 ला तर पंधराचे दहा केले. आणि एवढं होऊन सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर या पुरात बुडणाऱ्या सखल वसाहती आहेत तिथेच आहेत.

शेवटचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं.

"4,708 कोटी आले." आले नाहीत, मागितले होते. ऑगस्ट 2019 मध्ये राज्याने केंद्राकडे 6,813 कोटींची मागणी केली. त्यातले 4,708 सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या नावावर होते, 2,105 कोकण, नाशिक आणि बाकीच्या भागांच्या. मागणीतला मोठा वाटा पिकांचा, म्हणजे शहरातल्या गल्ल्यांशी त्याचा संबंधच नव्हता. जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून महाराष्ट्राला मंजूर केले 956 कोटी 93 लाख. अख्ख्या राज्याला. त्याच यादीत कर्नाटकाला 1,869 कोटी 85 लाख होते. मागणी एका सरकारने केली, मंजुरी आली तेव्हा मुंबईत दुसरं सरकार होतं. त्यामुळे एका बाजूचे कार्यकर्ते मागणीचा आकडा फिरवतात, दुसऱ्या बाजूचे मंजुरीचा, आणि दोन्ही आकडे एका ओळीत कुणीच लिहीत नाही.

याच मेसेजला उत्तर म्हणून "केंद्राने छदामही दिला नाही" असाही एक फिरतो. तोही चूक. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत आपल्यासारख्या राज्यात केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25 टक्के असतात, आणि ते दरवर्षी येतात, पूर येवो न येवो. दिल्लीकडे जादा हात पसरायचा तो हा निधी पुरेनासा झाला की.

"बाकीचे महापालिकेने खाल्ले." इथे मेसेज लिहिणाऱ्याला पैसा कुठून कुठे जातो हेच माहीत नाही. सानुग्रह अनुदानाचा, म्हणजे पूरग्रस्त कुटुंबाला मिळणाऱ्या त्या पंधरा हजारांचा, पैसा महसूल खात्याच्या वाटेने येतो: मंत्रालय, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, तहसीलदार, आणि तिथून कुटुंबाच्या बँक खात्यात. 2019 ला पहिले पाच हजार रोख दिले, उरलेले खात्यावर. महापालिकेची माणसं पंचनाम्याच्या पथकात असतात, पण पैशाची किल्ली त्यांच्याकडे नसते.

घोळ होतो तो पंचनाम्यात. पथक दारात येतं, भिंतीवरची पाण्याची खूण बघतं, रेशनकार्ड, आधार, पासबुकाची झेरॉक्स घेतं, पंचांच्या सह्या होतात. मग प्रश्न सुरू. घर मालकाच्या नावावर, गाळात गेलेली भांडीकुंडी भाडेकरूची, तर कुटुंब कुणाचं धरायचं? दोन भाऊ, दोन चुली, रेशनकार्ड एक: कुटुंबं किती? वरच्या मजल्यावरच्याच्या घरात पाणी शिरलं नाही, पण आठवडाभर तोही खाली उतरू शकला नाही, त्याचं काय? खरा भाडेकरू यादीबाहेर आणि पाणी न पाहिलेला यादीत, अशा तक्रारी झाल्या, आणि सगळ्या खोट्या नव्हत्या. पण तो पंधरा हजारांचा घोळ आहे. त्यावरून हजारो कोटींच्या अपहाराला उडी मारली की तहसील कार्यालयातली यादी कुणी तपासत नाही, आणि ज्याने हात मारलाय त्याचं फावतं.

"पंधराचे दहा केले, मधले पाच कुठे गेले?" कुठेही गेले नाहीत, दरच बदलला. 2019 ला शासनाने शहरी कुटुंबाला 15 हजार आणि ग्रामीण कुटुंबाला 10 हजार ठरवले होते. 2021 ला शहर-गाव भेद काढून सरसकट 10 हजार केले, दुकानदारांना 50 हजारांपर्यंत दिले. शहरवाल्यांना हे कमी वाटणं रास्त आहे. पण दर ठरवतं मंत्रिमंडळ.

"मग गटारी, रस्ते का झाले नाहीत?" या प्रश्नात दम आहे. आपत्ती निधीचे निकष तातडीच्या डागडुजीचे आहेत: होतं ते पुन्हा चालू करा. फुटलेली जलवाहिनी जोडता येते, पण नाला रुंद करायचा किंवा बाहेर फेकलं जाणारं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून काही बांधायचं, तर ते निकषात बसत नाही. महापालिका म्हणते राज्याने द्यावं, राज्य म्हणतं प्रस्ताव नीट करून पाठवा. दरम्यान महापालिकेची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि जीएसटीपोटी राज्याकडून मिळणारी भरपाई. पूर आला की पहिली दोन आटतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 पासून यात जरा फरक केला. राज्याच्या आपत्ती निधीतला पाचवा हिस्सा आता आपत्ती सौम्यीकरणासाठी, म्हणजे पुढच्या आपत्तीचा फटका कमी करणाऱ्या कामांसाठी, वेगळा असतो, पुनर्बांधणीलाही स्वतंत्र वाटा आहे. म्हणजे "अशा कामाला पैसेच नसतात" ही सबब आता चालायची नाही.

"पूरपट्ट्यात घरं बांधली, आता भोगा." मेसेजखाली हे कुणीतरी लिहितंच, बहुतेक विश्रामबागच्या उंचावरून. निळ्या पूररेषेच्या आतली जागा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती. तिथे बांधू नये, मान्य. पण या सखल वसाहती रात्रीत उगवल्या नाहीत. शेतजमिनीचे तुकडे पाडून गुंठ्यावर विकले गेले, घेणारा हातावर पोट असलेला. पुढे 2001 चा गुंठेवारी कायदा आला, विकास शुल्क भरून प्लॉट नियमित होऊ लागले. नळ आला, मीटर बसला, घरपट्टीची पावती यायला लागली. वर्षानुवर्षं पट्टी घेणाऱ्या यंत्रणेने पुराच्या दिवशी "तुम्ही बेकायदा" म्हणायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

महापालिकेला जाब विचारायचाच तर तो इथे विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका: निळ्या रेषेच्या आतले किती गुंठेवारी प्लॉट नियमित केले, त्यापोटी किती शुल्क जमा झालं, आणि त्यातलं किती त्याच वसाहतीच्या गटारीवर खर्च पडलं.