परखड पुणेकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

परखड पुणेकर यांस,

गोल्फच्या पहिल्या हँडिकॅप स्पर्धेत (हँडिकॅप म्हणजे प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) नाव कसं द्यावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही रात्री पावणेबाराला लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्या मते (१) या स्पर्धा म्हणजे किटी पार्टीची पुढची आवृत्ती, (२) हँडिकॅप फुगवून ठेवणारे तेच ते दोन-चार जण दर महिन्याला बक्षिसं नेतात आणि समिती डोळ्यांवर कातडं ओढून बसते, (३) एंट्री फी, ग्रीन फी (मैदानाचं भाडं), कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस), जेवण हा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्यातला नाही आणि त्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, (४) गोल्फ कोर्सला पाणी फार लागतं, आणि (५) “हँडिकॅपवर मिळालेलं बक्षीस म्हणजे ग्रेस मार्कांवर आलेला पहिला नंबर, काकू!” या शेवटच्या वाक्यापुढे डोळा मारणारा पिवळा चेहरा.

आधी त्या ‘काकू’बद्दल. माझं वय मी लपवलेलं नाही, पुतणे-पुतण्या मला काकूच म्हणतात आणि ते कानाला गोडही लागतं. पण तुम्ही माझे पुतणे नाही. ‘मॅडम’ म्हटलं असतंत, नुसतं नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. हाच लेख एखाद्या निवृत्त ब्रिगेडियरसाहेबांनी लिहिला असता तर त्यांना तुम्ही “काका” म्हणून डोळा मारला असता का? किटी पार्टीचं तेच. मंथली मेडलला, म्हणजे दर महिन्याच्या स्पर्धेला, पहाटे सव्वासहाच्या टी-टाइमला (खेळ सुरू करायच्या वेळेला) उभ्या असलेल्या बायकांपैकी निम्म्या जणी घरचे डबे भरून आलेल्या असतात. तुम्ही त्या वेळी कुठे असता, हे मी विचारत नाही.

आता मान्य करण्यासारखं जे आहे ते मान्य करते, नाहीतर म्हणाल हिला टीका सोसत नाही. बक्षीस समारंभ लांबतो. प्रायोजकांची भाषणं होतात, कुणीतरी माइकवर “हॅलो, हॅलो” करत राहतं, आणि पनीर टिक्का गार होतो. यात बदल व्हायला हवा, शंभर टक्के सहमत.

पण ग्रेस मार्क? स्वतःचा सिंगल फिगर (एक आकडी, म्हणजे मुरलेल्या खेळाडूचा) हँडिकॅप असल्याचं एकाच प्रतिक्रियेत तीनदा सांगणाऱ्या माणसाने हे लिहावं?

ग्रेस मार्क कधी मिळतात? पेपर तपासून झाल्यावर. मुलगा दोन मार्कांनी लटकतोय हे दिसल्यावर परीक्षकाला दया येते. हँडिकॅप पहिला चेंडू मारायच्या आधी ठरलेला असतो, आणि तो कुणी दयेने देत नाही. माझीच आधीची कार्डं तो ठरवतात. २०२० पासून जी जागतिक हँडिकॅप पद्धत लागू झाली, तिच्यात शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ घेऊन त्यांची सरासरी काढतात. उरलेल्या बारा, म्हणजे जिथे मी झाडांत चेंडू शोधत फिरले, पाण्यात दोन घातले आणि घरी येऊन कुणाशी बोलले नाही, त्या हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे माझा इंडेक्स (या सरासरीतून निघणारा हँडिकॅप) हा माझ्या बऱ्या दिवसांचा आकडा. साध्या, सरासरी दिवशी मी त्याला पुरी पडतच नाही. चार-पाच फेऱ्यांत एखाद्या वेळी हँडिकॅपइतकं खेळता आलं तर नशीब. ग्रेस मार्कांनी पोरं पास होतात हो. हँडिकॅप घेऊन आम्ही बहुतेक वेळा नापासच होतो.

अजून सांगते, कारण तुमच्यासारखे वाचक नंतर “आकडे कुठे आहेत” म्हणून येतात. समजा माझा कोर्स हँडिकॅप, म्हणजे इंडेक्सवरून त्या मैदानापुरता काढलेला हँडिकॅप, २४ निघाला. वैयक्तिक स्टेबलफर्डला (प्रत्येक होलला गुण देणाऱ्या पद्धतीला) त्याचे ९५ टक्के धरतात, म्हणजे २२.८, पूर्ण करून २३. म्हणजे अठरापैकी प्रत्येक होलला एका शॉटची सूट, आणि ज्या होलचा स्ट्रोक इंडेक्स (अवघडपणाचा क्रमांक) १ ते ५ आहे तिथे आणखी एकेक. संपली खैरात. स्ट्रोक इंडेक्स १२च्या पार चारवर (चार फटक्यांत संपवायच्या होलवर) मला एकच शॉट मिळतो. पाच मारले तर दोन गुण, सहा मारले तर एक, सात मारले की भोपळा. परीक्षकाकडे जाऊन “सर, एक मार्क बघा ना” म्हणायची सोय नाही.

स्टेबलफर्ड म्हणजे बालवाडी, असंही तुम्ही जाता जाता म्हणून गेलात. ही गुणपद्धत डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर स्पर्धेत आणली. एका होलवर नऊ-दहा मारले की साध्या खेळाडूची अख्खी फेरी मातीत जायची. या पद्धतीत तेवढ्या होलचे गुण जातात आणि माणूस पुढच्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) मान वर करून उभा राहतो. तुम्हाला यात बालवाडी दिसते. मला एक डॉक्टर दिसतो ज्याला रोग्याला कुठे दुखतं ते बरोबर कळलं होतं.

आणि आता तुम्ही ज्याला हात घातला नाही ते. रविवारच्या मित्रमंडळींच्या फोरबॉलमध्ये (दोघा-दोघांच्या जोड्यांच्या खेळात) हँडिकॅप खरा राहतच नाही. पहिल्या टीवर मलिगन (फुकटचा दुसरा फटका), रफमध्ये (उंच गवतात) पायाने चेंडू जरा बरा करून घ्यायचा, फूटभर पट (चेंडू भोकात ढकलायचा शेवटचा फटका) राहिला की कुणीतरी “दिला” म्हणायचं आणि पटरच्या पाठीने चेंडू उचलायचा. मीही हे सगळं करते, मजा येते. स्पर्धेच्या दिवशी तोच फूटभर पट. उताराचा, डावीकडून उजवीकडे जाणारा. कुणी “दिला” म्हणत नाही. शेजारी कार्ड घेऊन उभा असलेला माणूस सकाळी सात वाजेपर्यंत तुम्हाला ओळखतही नसतो. चेंडू कपच्या ओठाला लागतो, अर्धी फेरी मारतो आणि वीतभर पुढे जाऊन थांबतो. तो पुन्हा घालून तुम्ही बाजूला होता. मार्कर (तोच कार्डवाला, तुमचे फटके लिहिणारा) पेन्सिल टेकवून विचारतो, “सहा ना?” आणि तुम्हाला सांगावं लागतं, “सात.” हे ‘सात’ कार्डावर जातं, कार्डावरून इंडेक्समध्ये जातं, आणि म्हणून माझ्या इंडेक्सला काही किंमत असते. नवख्यांनो, स्पर्धेत नाव द्या, असं मी लिहिलं ते याच्यासाठी. बक्षिसासाठी लिहिलेलं नव्हतं. लेख पुन्हा वाचा. की पहिल्यांदाही वाचला नव्हता?

तुम्ही विचाराल (विचारलंच आहे, जरा वेगळ्या शब्दांत), “तुम्हाला यातलं काय कळतं?” तर ऐका. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. आमच्या घरात गोल्फ हा शब्द फक्त नाशिकच्या मैदानाच्या नावात ऐकलेला. मी बँकेत नोकरी केली, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर दुसऱ्या कुणाच्या, पुरुषांच्या मापाच्या सेव्हन आयर्न काठीने ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या जागी) चेंडू मारायला शिकले. शिकवलं ते आमच्या कॅडी मामांनी. “मॅडम, जोर कशाला? डोकं खाली ठेवा,” यापलीकडे त्यांचं तंत्र नव्हतं आणि मला दुसरं अजूनही येत नाही. पहिल्या स्पर्धेत एका बंकरमध्ये मी इतकी वाळू उडवली की बरोबरचे एक कर्नलसाहेब शांतपणे म्हणाले, “आता उचला. या होलचे गुण गेले, पुढचा पार तीन आहे.” टोमणा नाही, काकू नाही, डोळा मारणं नाही. त्यांचा हँडिकॅप सात होता. सिंगल फिगरवाले असेही असतात.

हँडिकॅप फुगवणाऱ्यांबद्दल: असे लोक आहेत, कुठल्या खेळात नसतात? पद्धतीत त्याचा बंदोबस्त आहे. वर्षभरातल्या तुमच्या सर्वांत खालच्या इंडेक्सपेक्षा तीनने वर गेलात की पुढची वाढ निम्मी होते, पाचला ती थांबतेच. इंडेक्सपेक्षा सात किंवा त्याहून अधिक शॉट चांगली फेरी अचानक निघाली तर इंडेक्स आपोआप खाली ओढला जातो. समिती काय करते हे समितीला विचारा, मी समितीवर नाही. आणि कशासाठी फुगवायचं? हौशी खेळाडूला हँडिकॅप स्पर्धेत रोख बक्षीस घेताच येत नाही. मला आजवरचं सर्वांत मोठं बक्षीस मिळालं ते झाकणाच्या कॅसरोलचा सेट. त्यासाठी वर्षभर मुद्दाम वाईट खेळणारा माणूस असलाच, तर त्याला तो सेट मी घरपोच देईन.

खर्चाबद्दल: क्रिकेटची बॅट काय फुकट मिळते? १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर कॅडी होते, एस.एस.पी. चौरसिया यांचे वडील कोलकात्यात ग्रीनकीपर (मैदानाची निगा राखणारे). पैशाशिवाय माणूस पुढे येत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही नावं आठवावीत. प्रत्येक लेखात दरपत्रक लावायला मी काही मेन्यू कार्ड लिहीत नाही. पाण्याचा विषय गंभीर आहे, आणि म्हणूनच तो इथे नको.

शेवटी एक. खाली दोन वाचकांनी सभ्य शब्दांत विचारलंय की इंडेक्सच नसेल तर स्पर्धेत उतरायचं कसं. त्यांच्यासाठी: सगळी मिळून ५४ होलची कार्डं भरा, म्हणजे अठरा-अठराच्या तीन फेऱ्या, बरोबरच्या खेळाडूची सही घेऊन. नऊ-नऊ होल जोडूनही चालतं. क्लबच्या ऑफिसात द्या, इंडेक्स निघतो. ५४ पर्यंतचा इंडेक्स मिळू शकतो, तेव्हा “माझा खेळ फारच वाईट आहे” ही सबब चालणार नाही. आपल्या चेंडूवर मार्कर पेनने खूण करा, दुसऱ्याचाही त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा निघतो. चेंडू हरवला असं वाटलं तर पुढे जाण्याआधी दुसरा, तात्पुरता चेंडू घ्या आणि तो मारण्याआधी “प्रोव्हिजनल खेळतेय” असं तोंडाने म्हणा, मनातल्या मनात नको. शोधायला तीन मिनिटं असतात, जुन्या लोकांनी पाच सांगितली तरी ऐकू नका. कार्ड देण्याआधी प्रत्येक होलचा आकडा मार्करबरोबर ताडून बघा. खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही केलीत तर बाद होता, जास्त लिहिलात तर तोच कायम राहतो.

परखड पुणेकर, तुम्हाला हे सगळं माहीतच असणार. पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, फक्त जेवणानंतर लगेच नको.