सोलापुरात म्हणे थंडीच नसते!

सोलापुरात थंडी पडतच नाही, असे ठामपणे सांगणारा प्रत्येक माणूस सकाळी आठनंतर उठणारा असतो, असे माझे आता पक्के मत झाले आहे. उन्हाळ्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो म्हणून या शहराच्या कपाळी उन्हाचा शिक्का बसला तो बसलाच. पण कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे दिवसभर तापलेली इथली जमीन रात्रीतून सगळी ऊब सोडून देते आणि डिसेंबरात दुपारी 30 अंशांवर असलेला पारा पहाटे 15च्याही खाली उतरतो, हे आमच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापनाला सांगणार कोण?

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. साडेसातला प्रयोगशाळेत हजर राहायचे, म्हणजे सहाला अंघोळ आली. गच्चीवर सौरबंब आहे, त्याचे पैसेही शुल्कात धरलेले आहेत. मात्र दिवसभरात तापलेले पाणी संध्याकाळी लवकर परतणाऱ्या मुली संपवतात (त्यांचाही दोष नाही, मीही तेच केले असते) आणि उरलेसुरले खाली यायच्या आधी तीन मजल्यांच्या नळीत रात्रभर गारठलेले पाणी बाहेर काढावे लागते. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे दोन बादल्या पाणी मोरीत सोडून द्यायचे, तिसऱ्या बादलीत भीतभीत बोट बुडवायचे आणि ते कोमटसुद्धा नाही हे कळल्यावर डोळे मिटून पहिला तांब्या डोक्यावर ओतायचा, हा माझा रोजचा दिनक्रम आहे. स्वतःची कॉइल आणावी, तर ती जप्त होते आणि वर दंड भरावा लागतो.

रेक्टर मॅडमकडे गेले, तेव्हा त्या स्वेटरवर शाल पांघरून, कानाला रुमाल बांधून चहा पीत होत्या. "अगं, सोलापुरात कसली आलीय थंडी?" असे त्यांनी मलाच विचारले!

बरे, या थंडीचे सुख तरी पदरी पडावे? तेही नाही. मंगळवेढ्याकडच्या मैत्रिणीने शेतावर हुरड्याला बोलावले होते. आगटीतून काढलेले गरम कणीस हातावर चोळून, फुंकर मारून, शेंगाचटणीबरोबर खायचे म्हणून मी आठवडाभर दिवस मोजत होते. नेमक्या त्याच रविवारी प्रबंधाच्या प्रकरणाची तपासणी ठेवली गेली. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी अख्खे शहर रस्त्यावर उतरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि आमची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच आठवड्यात लागते. वेळापत्रक करणारे याच गावात राहतात ना?

शेवटी मी तक्रारवहीत तारीख, वेळ आणि थर्मामीटरने मोजलेले पाण्याचे तापमान लिहून सविस्तर तक्रार नोंदवली. चार दिवसांनी तिच्याखाली लाल शाईत शेरा आला: "हवामान बदलल्यावर अडचण दूर होईल."