शिरा फुटत नाहीत, वेळ मात्र हातचा जातो

पारा चढला की तो मेसेज परत येतोच. यंदा आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एकाच दुपारी तिघांनी टाकला, तिघांनीही वर 'डॉक्टरांनी सांगितलंय' असं लिहून. कुठल्या डॉक्टरांनी, ते कुणालाच ठाऊक नाही. मजकूर थोडक्यात असा: तापमान 40 अंशांच्या वर गेलं की गार पाणी पिऊ नका, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. उन्हातून आल्यावर अर्धा तास हातपाय धुऊ नका. उष्माघात झालेल्यावर गार पाणी ओतलं तर माणूस जागीच जातो. आणि दारं-खिडक्या लावून पंख्याखाली बसून राहा, म्हणजे काही होत नाही.

आधी त्या रक्तवाहिन्या. गारव्याने त्या आकुंचन पावतात, हे खरं आहे. पण आकुंचन पावणं वेगळं आणि फुटणं वेगळं. गार पाण्याने शिरा फुटत असत्या तर बर्फाळ पाण्यात पोहण्याच्या स्पर्धा भरल्याच नसत्या. कडक उन्हात पळणारे खेळाडू तर शर्यतीआधी मुद्दाम बर्फाचा चुरा पितात. घटाघटा प्यायल्यावर कपाळात कळ जाते, तेवढी सोसावी. पाणी गार की कोमट यापेक्षा ते पोटात जातंय की नाही, हे महत्त्वाचं. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याला नुसतं पाणीही पुरत नाही. घामावाटे मीठ जातं, म्हणून एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

हातपाय धुण्याचं एका वाक्यात संपतं. आग विझवणाऱ्या जवानांना मध्ये विश्रांती देतात, तेव्हा त्यांना कोपरापर्यंत हात गार पाण्यात बुडवून बसवतात, कारण तळहातांतून अंगातली उष्णता भराभर बाहेर पडते. अर्धा तास थांबायचं कशासाठी?

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी चिडते, कारण तो जिवावर बेततो. मागे आमच्याकडे सामान चढवायला आलेला एक तरुण जिन्यातच बसला. अंग घामाने निथळत होतं, हाताला चटका बसावा इतकं तापलेलं होतं, आणि तो काहीतरी भलतंच बोलत होता. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं एकाने ठरवून टाकलं. (हेही चूक. अंगमेहनतीने होणाऱ्या उष्माघातात घाम पुष्कळदा चालूच असतो.) दुसऱ्याने कपाळावर ओला रुमाल ठेवला. मी बादली घेऊन आले तर तिसरे काका आडवे आले, "अहो, नको! मेसेज वाचला नाही का?" या वादात पाचेक मिनिटं गेली. शेवटी त्याच्या जोडीदारानेच बादली हिसकावून ओतली, मग दुसरी, मग तिसरी. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो स्वतःचं नाव नीट सांगू लागला होता.

शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, विनाकारण अंगावर धावून आला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजायचा. अशा वेळी नियम एकच: मदत बोलवा आणि ती येईपर्यंत गार करत राहा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. धडधाकट तरुणाला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणं हा सगळ्यात वेगवान उपाय, फक्त डोकं कुणीतरी धरून ठेवायचं. वयस्कर माणसाचे कपडे सैल करून अंगभर पाणी मारावं, जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नये, तो फुप्फुसात जातो. तापाची गोळी इथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप मेंदूने वाढवलेला नसतो.

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही सांगते. बर्फाने कातडीतल्या वाहिन्या आवळल्या की उष्णता आतच अडकेल, असा युक्तिवाद एके काळी डॉक्टरही करत. प्रत्यक्ष मोजून पाहिलं तेव्हा बर्फाचं पाणीच सगळ्यात भराभर तापमान उतरवतं, असं दिसलं.

आता घरात बसण्याचं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 2021 च्या उष्णतेच्या लाटेत 619 माणसं दगावली. त्यांतली 98 टक्के घरात किंवा चार भिंतींच्या आतच उष्णतेने गाठली गेली. निम्म्याहून जास्त जण एकटे राहत होते. 1995 मध्ये शिकागोत सातशेहून जास्त माणसं गेली, तिथेही एकटे राहणारे आणि अंथरुणाला खिळलेले यांनाच सर्वाधिक धोका होता. खिडक्या दिवसा लावाव्यात, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उघडायला हव्यात, आणि ते मेसेजात नाही. पंख्याचं तर जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते: 40 अंशांच्या वर तो अंग आणखी तापवतो. हवा इतकी गरम असली की पंखा ती गरमीच अंगावर ढकलतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. फोनवर दोनदा म्हणाल्या, "बरी आहे गं." रात्री नऊला वर गेले तर खिडक्या घट्ट बंद, पंखा पाचवर, भिंतीला तळहात लावला तर ती अजून तापलेली. आजींची जीभ कोरडी पडलेली, आणि उशाशी पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली. गार होती म्हणून प्यायल्या नव्हत्या. फोनवर बरं असण्याचा भरवसा मी तेव्हापासून सोडलाय. आता एकट्या राहणाऱ्यांची यादी जिन्याखाली लावली आहे. दिवसातून दोनदा कुणीतरी दार वाजवतं, आत जाऊन बसतं, आपल्यासमोर पेलाभर पाणी प्यायला लावतं.

त्या रात्री आजींना तळमजल्यावरच्या गार खोलीत आणलं, अंगावर ओला पंचा टाकला, हातात पेला दिला. त्यांनी तो गालाला लावून पाहिला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "नक्की ना गं? फुटणार नाहीत ना शिरा?"