आजींचा चेहरा बिघडला ही चूक आमची. काचेवरचा फोटो मात्र आम्ही ओढणार नाही

नमस्कार ताई,

आमच्याकडे केलेल्या जुन्या फोटोंच्या स्कॅनिंग-दुरुस्तीच्या कामाबद्दल तुम्ही दोन स्टार देऊन चार तक्रारी लिहिल्या आहेत. पंधरा दिवस सांगून सव्वा महिना लावला. आजींचा चेहरा बदलून "दुसरीच बाई" करून ठेवली. आजोबांचा काचेला चिकटलेला फोटो न सोडवता काचेसकट परत दिला. फाइल मोबाइलवर उघडत नाहीत, आणि उघडल्या तरी धूसर दिसतात. शेवटी "यापेक्षा ॲपवर फुकटात झालं असतं" असंही म्हटलं आहे. यातली चेहऱ्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि उशिराची अर्धी. काचेच्या बाबतीत मात्र तसाच फोटो उद्या पुन्हा आला तरी आम्ही तेच करू. हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून कारणं सविस्तर देतो.

आधी चेहरा. वाड्याच्या ओसरीवर नऊ जण उभे आहेत तो हा फोटो. प्रिंट ६ बाय ४ इंचाची आणि कागदावर आजींचा चेहरा जेमतेम ७ मिलिमीटर उंच. ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केल्यावर तो सुमारे १६५ पिक्सेलांत बसतो. १२००ला केला तर पिक्सेल दुप्पट होतात, पण नाकडोळ्यांचा तपशील वाढत नाही. कागदाचा पोत आणि दाणा (प्रतिमा ज्या बारीक कणांची बनते ते) तेवढा मोठा दिसायला लागतो. चेहरा "स्पष्ट" करणारी बरीच स्वयंचलित साधनं तोच चेहरा ५१२ पिक्सेलांचा करून देतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने दहातले नऊ पिक्सेल अंदाजाचे. हा अंदाज तुमच्या आजींवरून केलेला नसतो, त्या साधनाला शिकवताना दाखवलेल्या हजारो परक्या चेहऱ्यांवरून केलेला असतो. म्हणून फोटो स्वच्छ दिसतो आणि माणूस ओळखू येत नाही. इथे त्या साधनाने कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसलं, नथीचा आकडा वरच्या ओठात मिसळला आणि कुंकवाची आडवी चिरी गोल टिकलीसारखी केली.

भिंतीवरची भेग, आकाशातले ओरखडे, लुगड्यावरचा पाण्याचा डाग, इथपर्यंत असं साधन चालतं. चेहऱ्यावर ते चालवायचं नाही हा आमचाच नियम आहे. तुमच्या कामात तो पाळला गेला नाही, आणि देण्याआधी मूळ स्कॅन शेजारी ठेवून कुणी पाहिलंही नाही. या फोटोच्या दुरुस्तीचे पूर्ण पैसे परत करतो आणि काम नव्याने, विनामूल्य करून देतो.

मूळ स्कॅन आम्ही कधीच बदलत नाही, सगळी दुरुस्ती वरच्या वेगळ्या थरांवर होते, त्यामुळे नुकसान फाइलचं झालेलं नाही. नव्या कामात आजींच्या तोंडवळ्याला हात लागणार नाही. चेहऱ्यावरून गेलेली घडीची पांढरी रेघ तिच्या लगतच्याच दाण्याने भरली जाईल. प्रश्न उजव्या गालाचा आहे. तिथे थर उडून खालचा कागद दिसतो, म्हणजे प्रतिमाच शिल्लक नाही. ती जागा सौम्य करडी करून सोडता येईल. किंवा आजींचा त्याच वयाचा, शक्यतो त्याच बाजूने उजेड पडलेला दुसरा फोटो तुमच्याकडे असेल तर तेवढा भाग त्यातून घेता येईल. उजेड उलट बाजूचा असला की गाल बसवूनही बसत नाही, चेहरा वाकडा दिसतो. दुसरा फोटो नसेल तर आम्ही करडा ठेवण्याचाच सल्ला देऊ.

आता काच. फोटोच्या कागदावर प्रतिमेचा जो थर असतो तो जिलेटिनचा, आणि जिलेटिन हवेतलं पाणी पिऊन फुगतं. जुन्या तसबिरीत फोटो आणि काच यांच्यात माउंटची, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट नसते. मागून पुठ्ठा आणि बारीक खिळे ठोकून फोटो थेट काचेवर दाबलेला असतो. ओल धरणारी भिंत, हारातलं पाणी, दर सणाला ओल्या फडक्याने पुसलेली काच, यांतून ओल आत जाते. आपल्याकडचे चार महिने पावसाचे आणि नंतरचा कोरडा उन्हाळा असे काही फेरे झाले की जिलेटिन काचेला डिंकासारखं बसतं. ओळखायचं कसं, तर तिरकं पाहायचं: चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो, सुटा भाग फिका. आजोबांच्या फोटोत चेहरा आणि फेटा धरून जवळजवळ दोन तृतीयांश भाग चिकटलेला आहे. अशा वेळी कोपरा धरून ओढलं तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो.

"पाण्यात भिजवून सुटतो" असं तुम्हाला दुसरीकडे सांगितलं गेलं, ते सरसकट खोटं नाही. साध्या कृष्णधवल प्रिंटच्या बाबतीत कधीकधी सुटतो. तुमचा फोटो मात्र हाताने रंगवलेला आहे. गालावरची लाली, फेट्याचा गुलाबी आणि उपरण्याचा काठ पाण्याच्या रंगातला दिसतो, आणि तो पाण्यात पहिल्या मिनिटाला उतरू शकतो. शिवाय खालच्या डाव्या कोपऱ्यात बुरशीची जाळी आहे. बुरशी जिलेटिन खाते, आणि उरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं होऊन बसतं. त्यामुळे बुरशी लागलेला फोटो ओल्या बोळ्याने पुसणाऱ्यांचा डाग जातोच, सोबत चित्रही जातं. ड्रायरची हवा, काचेमागून फिरवलेली सुरी किंवा दोरा, हेही इथे नको. तरीही सोडवायचाच असेल तर ते छायाचित्रांच्या संवर्धकाचं काम आहे, आणि तोही आधी एका बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यावर चाचणी घेईल.

म्हणून आम्ही तो काचेतूनच उतरवला. साध्या चपट्या स्कॅनरवर हे नीट होत नाही: तसबिरीची काच सुमारे २ मिलिमीटर जाड असते, फोटो तेवढा वर राहतो, आणि पातळ जातीच्या स्कॅनरची नजर काचेला टेकलेल्या कागदापुरतीच असते. आम्ही कॅमेरा उभ्या स्टँडला लावला, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, दिव्यांवर ध्रुवीकरणाची (एकाच दिशेने कंपणारा उजेड जाऊ देणारी) फिल्म आणि लेन्सवर त्याला ९० अंशांत फिरवलेला फिल्टर. यामुळे काचेवरची चमक जवळपास पूर्ण मरते. जुनी काच किंचित हिरवट असते, तेव्हा त्याच काचेचा फोटो नसलेला काठ पांढऱ्या कार्डावर धरून रंग जुळवला. जिथे फोटो काचेला अगदी जवळ आहे पण चिकटलेला नाही तिथे इंद्रधनुष्यी वलयं येतात. ती हाताने काढावी लागली, आणि आजोबांच्या डाव्या खांद्यावर अजून पुसटशी दिसतात. मोठी करून छापलीत तर दिसतील, हे आधीच सांगतो. मूळ फोटो आणि काच आता एकच वस्तू समजा. मागचा जुना पुठ्ठा आम्ही बदलला आहे. भिंतीवर नवी प्रिंट लावा, माउंटसह. हळदीकुंकू नव्या काचेला लावा; हळदीचा डाग कागदात उतरला की काढणं फार अवघड असतं.

उशीर. ४३ फोटोंपैकी २६ नवव्या दिवशी तयार होते. राहिले ते १७ चिकट पानांच्या अल्बममधले: वर पारदर्शक प्लास्टिक, खाली गोंदाच्या रेघांचं पान, लग्नाच्या अल्बमांत हमखास असायचं ते. तो गोंद आता पिवळा पडून कडक झाला आहे. फोटो सोडवायला मेण नसलेला दातांचा दोरा कोपऱ्यातून घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्यायचा, एका फोटोला २० ते ४० मिनिटं. जुलैच्या हवेत जिलेटिन इतकं मऊ असतं की दोरा ओढताना बोट लागलं तरी ठसा उमटतो. म्हणून अल्बम आधी ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत आठवडाभर ठेवला. तीन फोटो तरीही हलले नाहीत, ते पानासकट स्कॅन केले. हा वेळ कमी करता आला नसता. पण पंधराव्या दिवशी फोन करून हे सांगायला हवं होतं, आणि तो फोन आमच्याकडून गेला नाही.

(नाशिकच्या गोदाकाठच्या मंडळींसाठी जाता जाता: २०१६ किंवा २०१९सारखं पाणी चढलं, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली, की सराफ बाजारापर्यंतची घरं भिजतात आणि अल्बम गठ्ठ्याने सुकवले जातात. गठ्ठा सुकला की वीट होते. फोटो ओले असतानाच, स्वच्छ गार पाण्यात धरून एकेक सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत पसरा. ४८ तासांत हे झालं पाहिजे. हाताने रंगवलेले आणि घरच्या प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका.)

फाइलबद्दल. पेनड्राइव्हवर दोन फोल्डर आहेत. तुम्ही उघडलेलं "मूळ" हे टिफ फाइलचं (न दाबलेल्या, पूर्ण तपशिलाच्या) आहे: ६ बाय ४ इंचाचा रंगीत फोटो ६०० डीपीआय आणि १६ बिटला ३६०० गुणिले २४०० पिक्सेल होतो, साधारण ५२ एमबी. अशी फाइल बऱ्याच मोबाइलांच्या गॅलरीत उघडत नाही. शेजारच्या "रोजचे" फोल्डरमध्ये त्याच फोटोंच्या जेपीईजी आहेत, पाहायला आणि पाठवायला त्या वापरा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो दाबून लहान करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, धूसर होणार नाही. हे देताना समजावून सांगायला हवं होतं, आता पाकिटावर छापून देऊ. प्रत्येक क्रमांकापुढे "मागे" लिहिलेली फाइलही आहे, ती फोटोच्या मागच्या बाजूची. रामकुंडावरच्या फोटोमागे पेन्सिलीने "सिंहस्थ १९६८" लिहिलेलं आहे, ते तुम्ही पाहिलं नसेल. पेनड्राइव्हवर मात्र विसंबू नका. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.

ॲपचं म्हणाल तर घरच्या ग्रुपवर टाकण्यापुरतं ते पुरतं, सपाट गुळगुळीत फोटो असेल तर चांगलं पुरतं. तुमच्या संचात तसे बाराएक होते. बाकीच्यांत सात फोटो जाळीदार खरबरीत कागदावरचे होते; त्यावर एका बाजूने उजेड पडला की प्रत्येक खड्ड्याची सावली पडून चेहरा पुरळ उठल्यासारखा दिसतो. ते दोनदा, मधे १८० अंश फिरवून स्कॅन करून एकत्र केले. पाच कृष्णधवल फोटोंच्या काळ्या भागावर निळसर चांदीची झाक होती. ती चांदी थरातून वर आलेली असते आणि आरशासारखी उजेड परतवते, तिथेही ध्रुवीकरणच लागतं. लग्नाचे रंगीत फोटो लालसर होते कारण त्या काळच्या कागदातला निळसर रंग अंधारातही आधी विरतो. आम्ही तो परत आणला, पण शालूचा नेमका रंग तुम्हीच सांगायचा आहे.

आजींची नवी फाइल आठ दिवसांत पाठवतो, प्रिंट आधी काढणार नाही. ती आजींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि हनुवटीवरचं गोंदण विचारा: ठिपके तीन होते की पाच, हे स्कॅनवरून आम्हाला नक्की मोजता आलेलं नाही.